पानाच्या पाठीवर

"ह्याचं डोकं कुठलं आणि बूड कुठलं?"

सकाळी सातला काकांनी एक ब्लूबेरी माझ्या उपम्याच्या बशीत ठेवली आणि हा प्रश्न टाकला. काका म्हणजे माझ्या मावसबहिणीचे सासरे. मूळचे सावंतवाडीचे, १९७४ साली केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन न्यू जर्सीत आले, आता निवृत्त होऊन एडिसनला मुलाकडे राहतात. मी पुण्याहून महिनाभरासाठी गेले होते आणि संपादकांनी दिलेला ‘ओळख’ हा विषय सामानाबरोबर नेला होता. परदेशात राहणाऱ्या माणसांची ओळख हरवते, या आशयाचे लेख दर दिवाळीला चार तरी येतात. पाचवा लिहायचा माझा अजिबात विचार नव्हता.

मी बेरी उलटसुलट करून पाहिली. एका टोकाला बारीकसा खळगा, दुसऱ्या टोकाला पाच टोकांची चांदणी.

"खळगा आहे तिथे देठ होता," काका म्हणाले. "आणि चांदणी हा फुलाचा उरलेला निदलपुंज. आता वांगं आठव. हिरवी टोपी कुठे असते?"

"देठाशी."

"आणि डाळिंबाचा मुकुट?"

डाळिंबाचा मुकुट देठाच्या बरोबर उलट्या टोकाला. पेरूचंही तसंच. आयुष्यभर ही फळं चिरली, सोलली, पण हा फरक कधी डोक्यात आला नव्हता. वांग्याच्या फुलात निदलपुंज अंडाशयाच्या खाली असतो, म्हणून फळ धरल्यावर तो देठाशी राहतो. डाळिंबात तो वरच्या बाजूला असतो, म्हणून फळाच्या डोक्यावर बसतो. ब्लूबेरी डाळिंबाच्या पंगतीतली. रानात एखादं निळं-काळं फळ दिसलं आणि त्याची हिरवी टोपी देठाशी निघाली, तर ती कामोणीच्या, म्हणजे वांग्या-बटाट्याच्या कुळातली कोणीतरी असू शकते, आणि त्या कुळात तोंडात न घालण्यासारखं बरंच काही आहे. चांदणी वर असली तर पुढची चौकशी करायची.

"पुढची चौकशी उद्या," काका म्हणाले. "पहाटे पाचला निघू. पायजमा मोज्यात खोचायचा. गोचिडी असतात."

कोऱ्या चहाचं पाणी

न्यू जर्सी म्हटलं की आपल्याला एडिसनचा ओक ट्री रोड आठवतो. साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं आणि गाडी लावायला कुठेच न मिळणारी जागा. तिथून तासा-सव्वा तासात आपण अशा रानात पोचतो की हे त्याच राज्यात आहे यावर विश्वास बसत नाही. पाइन बॅरन्स हे त्याचं नाव. सुमारे ११ लाख एकरांचा हा वाळूचा पट्टा १९७८ साली राष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. ‘बॅरन्स’ म्हणजे नापीक. गहू-मका पेरायला आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांना ही आंबट वाळू काही देईना, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. झाडांना मात्र त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही.

काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याची तिथे थोडी जमीन आहे. गाडी उभी केली तिथेच एक ओढा होता आणि त्याचं पाणी थेट कोऱ्या चहाच्या रंगाचं. कुजलेल्या पाल्यातून उतरलेली टॅनिनं आणि जमिनीतलं लोह यांमुळे तो रंग येतो. ओंजळीत घेतलं तर पाणी स्वच्छ, फक्त तांबूस. काठाला पांढऱ्या सीडरची दाटी, जरा उंचावर वाकड्यातिकड्या पिच पाइन. त्यांच्या बुंध्यांवर जळाल्याच्या काळ्या खुणा होत्या आणि त्याच खुणांतून हिरवे झुपके फुटलेले. या रानाला आगीची सवय आहे.

पाइनच्या खाली मात्र जिकडे पाहावं तिकडे झुडपंच झुडपं. गुडघ्याएवढी, कमरेएवढी, डोक्यावरून जाणारी. सगळ्यांची पानं लंबगोल, सगळी साधारण हिरवी, बऱ्याच जणांना निळी-काळी फळं. मला सगळी एकच वाटली.

"यातली किती ब्लूबेरीची?" मी विचारलं.

"निम्मी असतील. बाकीची तिची चुलत, मावस आणि तोतया मंडळी."

टिशू पेपरवरचा डाग

काकांनी गळ्यातलं भिंग काढून दिलं. जवाहिऱ्याकडे असतं तसलं, दहापट मोठं दाखवणारं, दोरीला ओवलेलं. कमरेएवढ्या दोन झुडपांची एकेक पानं तोडून त्यांनी माझ्या दोन तळहातांवर ठेवली. वरून पाहिलं तर दोन्ही जवळजवळ सारखी. मग त्यांनी ती उलटी करून उन्हाकडे धरायला सांगितली.

भिंग डोळ्याला आणि पान भिंगाला, इतक्या जवळ न्यायचं असतं. नाहीतर नुसता हिरवा धूर दिसतो. डाव्या पानाची पाठ साधी होती. फिकट हिरवी, शिरांचं जाळं, मधल्या शिरेवर थोडी लव. उजव्या पानाची पाठ दिसली आणि मी चक्क "अय्या!" म्हणाले. सोन्याचा वर्ख बारीक कुटून शिंपडावा तसे पिवळे ठिपके, शेकडो, आणि उन्हात प्रत्येक ठिपका लुकलुकत होता. ती राळ. काकांनी खिशातून पांढरा टिशू पेपर काढला, पान त्यावर पाठीच्या बाजूने दाबलं आणि ओढलं. कागदावर हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा ओरखडा उमटला. डाव्या पानानं फक्त किंचित ओलावा सोडला.

"हळद लागली ती हकलबेरी," काका म्हणाले. "नाही लागली ती ब्लूबेरी. भिंग नसलं तरी एवढं पुरतं."

काळ्या हकलबेरीचं शास्त्रीय नाव गेलुसाकिया बकाटा. ही प्रजाती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाक याच्या नावाने ओळखली जाते. वायूंच्या नियमामुळे अकरावी-बारावीत ज्याने आपल्याला छळलं, तोच हा. काकांना याचा कोण आनंद. पन्नास वर्षं कारखान्यात त्याचा नियम वापरला आणि तो इथे झुडपात भेटला, असं ते म्हणतात, आणि मला वाटतं दर वर्षी म्हणत असणार.

पुढची परीक्षा दातांची. हकलबेरीच्या फळात बरोबर दहा बिया असतात, कठीण कवचाच्या. एक फळ चावलं की कचकच होते, पिकलेल्या तुतीत वाळू गेल्यासारखी. ब्लूबेरीतही बिया असतात, उलट कितीतरी जास्त, पण इतक्या मऊ आणि बारीक की जिभेला त्यांचा पत्ता लागत नाही. चवीला हकलबेरी मला उजवी वाटली. तिच्या गोडीला जरा मसालेदार धार आहे. तरी बाजारात ती नाही, कारण त्या दहा बिया.

लहानपणी करवंद खाताना आम्ही ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायचो. समोरच्याने सांगायचं, मग करवंद फोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. इथेही मी सवयीने ब्लूबेरी अर्धी चावून आत पाहिलं. बाहेरून इतकी निळी आणि आतून चक्क फिकट हिरवट! युरोपातली रानटी बिलबेरी, हिचीच सख्खी, ती मात्र आतपर्यंत लाल-जांभळी असते आणि जीभ रंगवते. म्हणजे तिकडे सगळे कोंबडे आणि इकडे सगळ्या कोंबड्या.

आणि तो बाहेरचा निळाही खरा निळा नव्हे. सालीतलं रंगद्रव्य गडद लाल आहे. वर मेणाचा पातळ थर असतो, त्यातल्या अतिसूक्ष्म कणांची रचना निळा प्रकाश विखुरते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे दाखवून दिलं. अंगठ्याने बेरी चोळली की निळा पुसला जातो आणि खाली काळपट साल उरते. मी चार-पाच चोळून पाहिल्या. काका म्हणाले, "पुरे आता, खा."

सुटल्यावर पहिलं काम

इथल्या जुन्या माणसांना पानाच्या पाठीचा हा भेद माहीत असतो, पण बोलताना ते तो पाळतीलच असं नाही. पाणथळ जागेतल्या उंच ब्लूबेरीलाही हकलबेरी म्हणायची रीत पूर्वापार आहे. इंग्लंडातून आलेल्या लोकांनी तिकडच्या बिलबेरीचं ‘हर्टलबेरी’ हे गावठी नाव आणलं, तेच घासून हकलबेरी झालं असं मानतात, आणि मग जे जे निळं-काळं दिसलं त्या सगळ्याला ते चिकटलं.

हकलबेरीचा एक धागा तर आपल्यापर्यंत येतो. १८४६ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात हेन्री डेव्हिड थोरोने कर भरायला नकार दिला आणि एक रात्र कोठडीत काढली. त्या रात्रीतून सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध आला आणि तो पुढे गांधीजींनी वाचला, हे आपण शाळेत शिकतो. सुटल्यावर थोरोने काय केलं हे शाळेत सांगत नाहीत. चांभाराकडे टाकलेला जोडा घेतला आणि थोड्याच वेळात गावकऱ्यांच्या टोळीबरोबर हकलबेऱ्या तोडायला टेकडीवर गेला. टोळीला वाट दाखवायला तोच हवा होता. जुलैचा महिना, फळं पिकलेली; थांबणार कोण?

सोळा मिलिमीटरचं भोक

दुपारी आम्ही व्हाइट्सबॉगला गेलो. पाटाच्या पाण्याने भरता-उपसता येणाऱ्या क्रॅनबेरीच्या खाचरांमध्ये वसलेलं हे जुनं वसतीगाव. क्रॅनबेरी हीसुद्धा ब्लूबेरीच्याच व्हॅक्सिनियम प्रजातीतली, जमिनीलगत सरपटणारी बहीण. या खाचरांच्या मालकाची थोरली मुलगी एलिझाबेथ व्हाइट. जन्म १८७१. तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. क्रॅनबेरी पिकते शरदात, रानातल्या ब्लूबेऱ्या उन्हाळ्यात. मग तेच मजूर, तीच जमीन दोन हंगाम का वापरू नये?

अडचण अशी की ब्लूबेरी माणसाच्या बागेत जगतच नसे. लोक तिला प्रेमाने शेणखत घालत, चुना घालत, आणि ती मरत असे. वॉशिंग्टनच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी कुंड्यांमध्ये रोपं वाढवून याचं कारण शोधलं. या झुडपाला आंबट जमीनच लागते. त्याच्या मुळांना केसमुळं नसतात. मुळांच्या पेशींत शिरून राहणारी एक बुरशी त्याला आंबट, निकस मातीतून अन्न मिळवून देते. शिवाय थंडीचा ठरावीक काळ सोसल्याशिवाय झुडूप वसंतात नीट जागं होत नाही. कोव्हिल यांची पुस्तिका १९१० साली निघाली, व्हाइटबाईंच्या हाती १९११ मध्ये पडली आणि त्यांनी लगेच पत्र टाकलं: जमीन आमची, मजूर आमचे, प्रयोग इथे करा.

आता निवडायचं काय? रानात झुडपं लाखो, प्रत्येक वेगळं. कुणाचं फळ वाटाण्याएवढं, कुणाचं ज्वारीच्या दाण्याला जरा सरस. इथे मला बाईंचं शहाणपण दिसतं. शोधायला त्यांनी शास्त्रज्ञ पाठवले नाहीत. या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारी, शेवाळ गोळा करणारी, कोळसा पाडणारी गरीब माणसं राहत. शहरवासी त्यांना ‘पायनी’ म्हणून हिणवत. बाईंनी त्यांना भोकं पाडलेली पट्टी दिली. भोक पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे जवळजवळ सोळा मिलिमीटर. ज्या झुडपाची फळं त्यातून पडणार नाहीत ते झुडूप दाखवा, वेळेचे पैसे घ्या, आणि झुडपाला नाव तुमचं.

कुठल्या दलदलीत कोणत्या वळणावर मोठ्या फळांचं झुडूप आहे, हे त्या माणसांना आधीपासून माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं एवढंच. रूब लीक नावाच्या गड्याने दाखवलेल्या झुडपाचं नाव ठेवताना जरा पंचाईत झाली. ‘रूब’ म्हणजे तिकडच्या बोलीत गावंढळ, आणि ‘लीक’ म्हणजे कांद्याच्या जातकुळीतली एक भाजी. शेवटी आडनावातलं एक ‘ल’ उचलून नावाला जोडलं आणि ‘रूबेल’ तयार झालं. हा वाण आजही लावतात. सूय नावाच्या दुसऱ्या एकाच्या झुडपाचा संकर कोव्हिल यांनी न्यू हॅम्पशायरहून आणलेल्या झुडपाशी केला. १९१६ साली व्हाइट्सबॉगहून लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला.

पुण्याच्या मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या डबीत पेरूहून आलेल्या ब्लूबेऱ्या मिळतात. त्यातले बहुतेक वाण फ्लोरिडातल्या एका सदाहरित झुडपाशी संकर करून कमी थंडीत फळतील असे केलेले, पण दुसऱ्या बाजूचं घराणं या दलदलीतलं. उपम्याच्या बशीत आलेली बेरी त्यातलीच. हे कळल्यावर त्या डबीची किंमत कमी वाटली असं मात्र नाही.

तोतये

परतीच्या वाटेवर काकांनी परीक्षा घेतली आणि मी सपशेल नापास झाले. डोक्याइतकं उंच झुडूप, पानं हुबेहूब उंच ब्लूबेरीची, पाठीवर राळ नाही. मी ठासून "ब्लूबेरी" म्हणाले. काकांनी फांदी वाकवली. फळांच्या जागी मिरीच्या दाण्यांसारखी सुकी, कडक बोंडं, पाच फाकांत उकललेली, मागच्या वर्षीची. हिचं नाव मेलबेरी. फळं धरत नाहीत म्हणून ही ब्लूबेरीचा नर असणार असं पूर्वी समजत, अशी नावाची कथा सांगतात. प्रत्यक्षात ती वेगळ्याच प्रजातीची, लायोनिया. कुळ तेवढं एक.

त्याच कुळातली शीप लॉरेल जरा खाली, गुडघ्याएवढी. पानं तीन-तीनच्या घेऱ्यात, खाली झुकलेली. हिचं दुसरं नाव ‘लॅम्बकिल’, मेंढ्यांना मारणारी, आणि विषाच्या बाबतीत ते नाव थट्टेत ठेवलेलं नाही. ती ब्लूबेरीच्या इतकी खेटून उगवते की फळं ओरबाडून घेणाऱ्याच्या मुठीत तिचा पाला सहज यावा. म्हणून रानात एकेक फळ तोडायचं.

मग काकांनी खाली वाकून एक जाडसर, चकचकीत पान खुडलं, चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"आयोडेक्स!"

अगदी तोच वास. परीक्षेच्या आदल्या रात्री आजीच्या गुडघ्यांना चोळलेला. टीबेरी किंवा विंटरग्रीन या बुटक्या झाडाच्या पानात मिथाइल सॅलिसिलेट असतं. हिची एक बहीण आपल्या निलगिरीत वाढते, गंधपुरा. तिच्या पानांचं तेल दुखण्यावरच्या मलमांत पडतं. निलगिरीच्या शोला रानात ब्लूबेरीच्या व्हॅक्सिनियम प्रजातीतल्याही दोन जाती आहेत, एकीच्या तर नावातच निलगिरी आहे. उटीला मी तीनदा जाऊन आले आहे. चॉकलेट आणलं, निलगिरी तेल आणलं. कुठल्या झुडपाचं पान उलटं करून पाहिलं नाही.

"करवंद आपण कशावरून ओळखायचो?" काकांनी विचारलं.

"काट्यांवरून. आणि चिकावरून."

"फळ मे महिन्यात येणार, पण जाळी बारा महिने माहीत. डिसेंबरात गुरं चारताना पोरं सांगायची, ही जाळी गोड, ती आंबट." मग ते ब्लूबेरीची हिवाळ्यातली खूण सांगत राहिले. पानं गळाली की उंच ब्लूबेरीच्या कोवळ्या काड्या लाल दिसतात, भिंगातून पाहिल्या तर अंगभर बारीक फोडांसारखे उंचवटे. टोकाशी गुबगुबीत कळ्या, त्या फुलांच्या. खाली अणकुचीदार, त्या पानांच्या. बर्फात ती लाली लांबून ओळखू येते. फळांच्या दिवसांत तर कुणीही ओळखेल, असं ते म्हणाले. मी सकाळपासून ओळखू शकले नव्हते, हे त्यांच्या बहुधा लक्षात राहिलं नसावं.

एक झुडूप राहिलं

ऊन कलल्यावर ओढ्याच्या वळणावर एक झुडूप दिसलं. पुरुषभर उंच. चांदणी होती, पानाच्या पाठीवर राळ नव्हती, बिया मऊ. ब्लूबेरीच. पण फळं लहान आणि चकचकीत काळी, मेणाचा थर जवळपास नाहीच; आणि पानाची पाठ मखमलीसारखी लवदार. काका बराच वेळ भिंग लावून उभे राहिले.

"ही वेगळी जात का?" मी विचारलं.

"कुणाला विचारतेस त्यावर आहे."

हे उडवाउडवीचं उत्तर नव्हतं. उंच ब्लूबेऱ्या आपापसांत सर्रास संकर करतात, गुणसूत्रांचे संच काहींत दोन तर काहींत चार, आणि मधल्या रूपांना अंत नाही. डब्ल्यू. एच. कॅम्प यांनी १९४५ मध्ये त्यांच्या बऱ्याच वेगवेगळ्या जाती पाडल्या. सॅम व्हँडर क्लोट यांनी १९८८ च्या ग्रंथात त्यातल्या बहुतेक पुन्हा एकाच जातीच्या पोटात घातल्या. आजच्या पुस्तकांपैकी काही काळ्या, लवदार झुडपाला ‘फुस्काटम’ असं वेगळं नाव देतात, काही देत नाहीत. कॅम्पच्या हाती हे झुडूप दिलं असतं तर त्याने वेगळं म्हटलं असतं. व्हँडर क्लोट म्हणाला असता, तीच ती, अंगरखा बदललाय.

"तुमचं मत काय?"

"फुलं पाहिल्याशिवाय मत नाही." मे महिन्यात पांढऱ्या, उलट्या टांगलेल्या सुरयांसारखी फुलं येतात. त्यांचे परागकोश मिठदाणीसारखे टोकाला भोक असलेले; गुबगुबीत बंबल माशी फुलाला लोंबकळून अंग थरथरवते तेव्हा पराग झडतात. फुलाची लांबी मोजायची, रंग पाहायचा, लव पाहायची. मग बोलायचं.

काकांनी खिसे चाचपले. खुणेला बांधायला काही नव्हतं. मी माझ्या झोळीतून भाजीच्या पिशवीचा लाल सुतळीचा बंद तोडून दिला. त्यांनी तो खालच्या फांदीला सैल गाठीने बांधला, फांदी वाढली तर काचू नये म्हणून. वहीत ओढ्याचं वळण काढलं, तारीख घातली आणि नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. वही चाळली तर अशी प्रश्नचिन्हं आधीची सहा होती.

हा लेख पूर्ण करत असताना, सप्टेंबरच्या शेवटी, काकांनी फोटो पाठवला. सुतळी जागेवर आहे. वरच्या दोन फांद्यांची पानं तांबडी व्हायला लागली आहेत.